अंजनेरीवरचे पिवळे कवले सगळे एकच की वेगवेगळे?

रानवाट_नाशिक
नमस्कार मंडळी, रविवारी अंजनेरीला गेलेलो, वर पठारावर आणि खाली भाताच्या बांधांवर सगळीकडे पिवळा कवला फुललाय, तेच आपलं मिकी माऊसचं फूल. घरी येऊन फोटो मोठे करून बघतोय तर एकाला दोन लालभडक ठिपके, एकाला अगदी पुसट, आणि बांधावरचं फूल बारकं, दांडा पण गुळगुळीत. ॲपवर टाकले तर ते तिघांनाही स्मिथिया हिरसुटाच म्हणतंय (स्मिथिया हे कवल्याचं शास्त्रीय नाव, हिरसुटा ही त्यातली एक जात). मला काही पटत नाहीये. पानं तर सगळ्यांची सारखीच दिसतात, मग बघायचं तरी काय? जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा.

भटक्या_इगतपुरी
भाऊ सोप्पंय, पिवळा आणि दोन लाल ठिपके म्हणजे हिरसुटा, जांभळा आणि पांढरे ठिपके म्हणजे परप्युरिया. एवढं पुरतं ट्रेकला.

पानफूल_गंगापूररोड
जांभळ्याचं बरोबर आहे दादा, तो लगेच ओळखू येतो. पण पिवळ्यात नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका, ठिपके एकापेक्षा जास्त जातींना असतात आणि फूल शिळं झालं की रंगही उतरतो. ॲप चुकतं ते यामुळेच, कारण सगळे जण फोटो समोरून काढतात आणि खरी ओळख फुलाच्या मागे असते.

फूल हलकेच वळवायचं आणि मागचा हिरवा कॅलिक्स, म्हणजे पाकळ्यांच्या बुडाशी असलेलं आवरण, बघायचा. कवल्याचा कॅलिक्स दोन ओठांचा असतो, एक वरचा एक खालचा, आणि त्याच्यावर शिरा असतात. उजेडासमोर धरून साध्या हँडलेन्समधून पाहिलं तरी दिसतात. शिरा वहीच्या ओळींसारख्या सरळ, एकीला एक समांतर असतील तर ते झाड सेन्सिटिव्हा किंवा कॉन्फर्टाच्या गटातलं. शिरा एकमेकींना मिळून जाळी झाली असेल तर हिरसुटा, बायजेमिना, सेट्युलोसा यांच्यापैकी. इथेच अर्धं काम झालं. जांभळी परप्युरिया पण जाळीवाल्यांतलीच.

मग केस बघा. हिरसुटाच्या दांड्यावर लांब, बाहेर पसरलेले केस असतात, बोटाला लगेच लागतात. सेट्युलोसा उंच आणि दणकट वाढते, तिचे केस राठ असतात. बायजेमिनावर हिरसुटाएवढे केस नसतात, तुमचं पुसट ठिपक्याचं झाड ते असू शकेल, पण फोटोत दांडा आला नसेल तर मी ठामपणे सांगणार नाही. समांतर शिरांच्या गटात कॉन्फर्टाची फुलं फांदीच्या टोकाला दाटीवाटीने येतात, सेन्सिटिव्हाची त्या मानाने मोकळी असतात.

पानांवरून कवला आहे एवढंच कळतं, जात नाही कळत. पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पानं, जोडीजोडीने, शेवटी एकटी पर्णिका नसते, त्या जागी बारीक केसासारखं टोक असतं. आणि हो, सेन्सिटिव्हा म्हणजे संवेदनशील, पण नुसती पानं मिटतात म्हणून सेन्सिटिव्हा असं धरून चालू नका, तोडलेल्या डहाळीवर तर मुळीच नाही. बीएसआयने (भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने) १९९१ साली नाशिक जिल्ह्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची माहिती देणारं पुस्तक, काढलीय, कुठल्या लायब्ररीत मिळाली तर त्यातली ओळखतक्ता (‘की’) जरूर बघा, आपल्याच डोंगरांवरची झाडं आहेत ती.

हरसूलकर
आमच्याकडे पहिल्या पावसानंतर कोवळा कवळा भाजीला खुडतात, म्हातारी माणसं अजून आवर्जून खातात. कांदा मिरचीवर परतायची, थोडी भिजवलेली तुरीची डाळ टाकली की झालं. त्र्यंबकच्या बाजारात बाया वाटे लावून बसतात. पण तेव्हा फूल नसतं ना, म्हणून बाया बांधावरचा तेवढाच खुडतात, जो पिढ्यान्‌पिढ्या खाल्लाय तोच. शहरातून येऊन पठारावरचं काहीही तोडून खाऊ नका एवढीच विनंती, एकतर ओळख पक्की नाही आणि दुसरं म्हणजे २०१७ पासून अंजनेरी संवर्धन राखीव आहे. तिथली सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मिळ वनस्पती पण गवतातच असते, फोटोसाठी आडवे पडताना आधी खाली बघा राव.

रानवाट_नाशिक
ताई मनापासून आभार, कॅलिक्सचं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बांधावरच्याचा एक फोटो नशिबाने बाजूने आलाय, झूम केला तर शिरा सरळ समांतर आहेत, जाळी अजिबात नाही! फुलं मोकळी मोकळी आहेत, म्हणजे सेन्सिटिव्हाकडे जातंय ना? आणि त्याच बांधावर अजून एक झाड होतं, पानं सेम, फूल पिवळट, पण शेंगा लांब आणि सांधेसांधे असलेल्या, चांगल्या बाहेर आलेल्या. तो पण कवलाच का?

पानफूल_गंगापूररोड
हो, पहिलं सेन्सिटिव्हा म्हणायला हरकत नाही. दुसरं मात्र कवला नाही. कवल्याची शेंग पण सांध्यांचीच असते, पण ती घडी घालून कॅलिक्सच्या आत बसलेली असते, कॅलिक्स उघडल्याशिवाय दिसतच नाही. सांध्यांची लांब शेंग बाहेर लोंबतेय आणि झाड पाणथळ बांधावर आहे तर ते एशिनोमिनी इंडिका, भातात हमखास असतं. अजून एक घोटाळा होतो तो कॅमेक्रिस्टा नावाच्या झाडाशी, पानं अगदी तशीच, पण त्याचं फूल उघडं पाच पाकळ्यांचं असतं, कवल्यासारखी वरची उभी ध्वज पाकळी नसते, शेंग पण चपटी आणि बिनसांध्याची.

पुढच्या वेळी एकाच झाडाचे चार फोटो काढा: फूल समोरून, फूल मागून, दांडा जवळून आणि एक अख्खं झाड. कवला वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात वाढून मरणारा, आहे, पाऊस संपला की आठ-पंधरा दिवसांत वाळायला लागतो, तेव्हा जायचं असेल तर दिवाळीपर्यंत थांबू नका.

भटक्या_इगतपुरी
ताई, माझ्याकडे पहिने साईडचे बरेच फोटो आहेत, त्यातले मागून काढलेले शोधून टाकतो, बघाल का?

पानफूल_गंगापूररोड
टाका की! दांडा दिसेल असे आधी टाका.