शेवटच्या सर्वसाधारण सभेतला ठराव आणि कायम न झालेले इतिवृत्त

प्रश्न : तापीकाठ

नमस्कार. खान्देशातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष आहे. आमच्या शाळेला चार खोल्या असून त्यांपैकी दोन कौलारू खोल्या लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेपूर्वीच्या स्थानिक संस्थेच्या, काळात बांधलेल्या आहेत. गावातील वडीलधारी माणसे अजूनही आमच्या शाळेला ‘बोर्डाची शाळा’ असेच म्हणतात. त्यांतील एका खोलीचे आढे मधोमध वाकले आहे आणि दुसरीच्या पश्चिमेकडील भिंतीला पडलेल्या भेगेत माझा पंजा आडवा जातो. त्यामुळे त्या दोन्ही खोल्यांना कुलूप लावून पहिली ते चौथीचे वर्ग आम्ही उरलेल्या दोन खोल्यांत बसवतो.

या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या वापरातून व नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव आम्ही रीतसर पाठवला होता. आमच्या समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांचा ‘वापरास धोकादायक’ असा अहवाल आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस ही सर्व कागदपत्रे जोडलेली होती. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आला, तो मंजूर झाला आणि तो मंजूर होताना मी स्वतः प्रेक्षकांच्या बाकावर बसलेलो होतो. मात्र आदेशाची चौकशी करण्यास गेलो असता, इतिवृत्त (सभेच्या कामकाजाची लेखी नोंद) कायम झाल्याशिवाय आदेश काढता येत नाही, असे मला सांगण्यात आले. ती सभा त्या सभागृहाची शेवटची सभा ठरली, कारण पुढची सभा होण्यापूर्वीच सदस्यांची मुदत संपून प्रशासक आले.

माझा प्रश्न असा आहे की, ज्या सभेपुढे इतिवृत्त ठेवून कायम करायचे ती सभाच होणार नसेल, तर आमचा ठराव जिवंत आहे की संपला? तो संपला असेल, तर सगळा प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून पाठवावा लागेल काय?

उत्तर : दप्तरदार

नमस्कार तापीकाठ. मी जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात बरीच वर्षे सभांचेच काम पाहिले आणि त्याच टेबलावरून निवृत्त झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला मिळालेल्या उत्तरात ‘कायम’ या एका शब्दाने घोटाळा केला आहे. इतिवृत्त कायम करणे म्हणजे मागील सभेत जे घडले ते कागदावर बरोबर उतरले आहे, एवढेच पुढच्या सभेने मान्य करणे होय. त्यात ठरावाला नव्याने मंजुरी देण्याचा भाग नसतो. ठराव मंजूर होतो तो ज्या दिवशी सभागृह त्याला होकार देते त्या दिवशी. म्हणून आपला ठराव संपलेला नाही, अडला आहे तो त्याचा कागद.

तो का अडतो हे समजण्यासाठी सभेचा नेहमीचा क्रम पाहावा लागेल. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ प्रमाणे सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते आणि तिची नोटीस सदस्यांना १५ दिवस आधी द्यावी लागते. पंचायत समितीची सभा दरमहा होते, त्यामुळे तेथे इतिवृत्त महिनाभरात कायम होते. जिल्हा परिषदेत मात्र तीन महिने सहज जातात. विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर मागील ठरावांचा अनुपालन अहवाल येतो, मग विभागांनी टिप्पणीसह पाठवलेले विषय येतात आणि शेवटी ऐनवेळचे विषय. निर्लेखनाचे विषय बहुधा एकत्र यादी करून येतात. अशा यादीवर चर्चा फारशी होत नाही. विषय वाचला जातो, चार बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज येतात आणि सभा पुढच्या विषयाकडे जाते. आपण ऐकले ते बहुधा हेच असावे.

सभेचे सचिव म्हणून सामान्य प्रशासनाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी काम पाहतात. सभेनंतर त्यांच्या कार्यालयात इतिवृत्ताचा मसुदा तयार होतो आणि प्रत्येक ठरावाला क्रमांक देऊन त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे लिहिली जातात. ज्या विषयाची निकड असते, त्याच्या ठरावातच ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता कार्यवाही करण्यात यावी’ असे एक वाक्य घालण्याची पद्धत आहे. हे वाक्य ठरावात असेल, तर ठरावाचा उतारा संबंधित विभागाकडे लगेच जातो आणि त्यावर कोणीही हरकत घेत नाही. ते नसेल, तर खालचा लिपिक हात राखून काम करतो आणि लेखापरीक्षणाचा विचार करता त्याला मी फारसा दोषही देणार नाही.

आता प्रशासकांविषयी. मुदत संपल्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच प्रशासक म्हणून कारभार आला आणि त्याबरोबर सभागृहाचे व विषय समित्यांचे अधिकारही त्यांच्याकडे आले. त्यामुळे शेवटच्या सभेचे इतिवृत्त त्यांच्यापुढे ठेवून कायम करून घेता येते, किंवा त्याच प्रस्तावावर प्रशासकांचा स्वतंत्र ठराव घेता येतो. दुसरा मार्ग अधिक सरळ आहे, कारण शेवटच्या सभेच्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही राहून गेली असेल, तर त्या वादात पडायला कोणी तयार होत नाही. प्रस्ताव पहिल्यापासून करण्याची गरज नाही. फक्त अभियंत्यांचा अहवाल जुना झाला असेल, तर तो तेवढा नवीन मागतील.

आपण आधी दोन गोष्टी पाहाव्यात : ठराव क्रमांक कोणता आहे आणि ठरावात ते वाक्य आहे की नाही.

उत्तर : माजी सदस्य

दप्तरदारांनी सांगितलेला कायदा बरोबर आहे, परंतु बाकाच्या या बाजूने पाहिलेली एक गोष्ट मी नोंदवू इच्छितो. सभागृहात मंजूर झाले ते आणि इतिवृत्तात उतरले ते एकच असते, असे गृहीत धरू नये. माझ्या कारकिर्दीत आमच्या गटातील एका वस्तीच्या रस्त्याचा विषय मंजूर झाला होता. तीन महिन्यांनी इतिवृत्त हातात आले तेव्हा त्यात शेजारच्या वस्तीचे नाव होते. चूक होती की चलाखी, ते आजही मला सांगता येणार नाही. पुढच्या सभेत पहिल्याच विषयाला उभे राहून मी हरकत घेतली आणि तेथल्या तेथे दुरुस्ती करून घेतली. पहिल्या विषयाच्या वेळी बहुतेक सदस्य चहा घेत असतात किंवा एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत असतात, पण माझ्या मते साऱ्या सभेत सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा विषय तोच असतो.

तापीकाठ यांच्या बाबतीत ही हरकत घ्यायला आता सभागृहच नाही. म्हणून ठरावाचा उतारा मिळाला की त्यातील शाळेचे नाव, केंद्राचे नाव आणि खोल्यांची संख्या ही तीन ठिकाणे अक्षर न् अक्षर तपासून घ्यावीत. दोन खोल्यांऐवजी एक खोली असे छापले गेले असेल, तर उरलेल्या खोलीसाठी सगळी वारी पुन्हा करावी लागेल.

जाता जाता : सर्वांनाच एका दिवशी प्रशासक आलेले नाहीत. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तर धुळे आणि नंदुरबार येथे जानेवारी २०२० मध्ये मतदान झालेले असल्याने तेथील मुदत २०२५ च्या जानेवारीपर्यंत चालली. त्यामुळे एका जिल्ह्यातील अनुभव दुसऱ्या जिल्ह्याला जसाच्या तसा लावू नये.

उत्तर : सातपुड्याची शिक्षिका

मी मुख्याध्यापिका या नात्याने अशाच प्रकरणातून गेले आहे, म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट अशी की, निर्लेखन आणि नवीन खोली ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. निर्लेखनाचा आदेश मिळाला म्हणून नवीन खोली आपोआप मंजूर होत नाही. त्यासाठी पटसंख्येसह वेगळी मागणी करावी लागते आणि तिचा निधी जिल्हा नियोजन समिती किंवा समग्र शिक्षा ही शासकीय योजना यांच्याकडून, म्हणजे निराळ्या वाटेने येतो. तरीही निर्लेखन आधी उरकावे, कारण जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत त्या शाळेला खोल्या पुरेशा आहेत असेच तक्ता दाखवतो.

दुसरी गोष्ट लाकडाची आहे. त्या काळातील खोल्यांच्या तुळया सागाच्या असतात. आदेश झाल्यावर खोलीचे साहित्य लिलावात काढले जाते आणि त्याची रक्कम कार्यालयाकडे जमा होते. आदेशाला उशीर झाला की कुलूपबंद खोलीतील लाकूड हळूहळू कमी होऊ लागते आणि मग त्याचा जाब मुख्याध्यापकाला विचारला जातो. आमच्याकडे कौले आधी गेली, नंतर दाराची चौकट गेली. आपण आजच तुळया, दारे आणि खिडक्या मोजून, समितीच्या सदस्यांच्या सह्या घेऊन पंचनामा करून ठेवावा व त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी.

आपली शाळा नंदुरबारकडची असेल, तर आणखी एक अडचण संभवते. तो जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, त्यामुळे इमारतीची मूळ नोंद धुळ्याच्या जुन्या दप्तरात शोधावी लागू शकते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : तापीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचनामा काल केला. तुळया अकरा भरल्या आणि अकराही जागेवर आहेत.

ठराव पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबावे लागेल असे मला वाटत होते, परंतु दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे शासनाचे २०१८ चे परिपत्रक आहे, असे एका परिचिताने सांगितले. त्याप्रमाणे सोमवारी जाऊन आलो. नोंदवही समोर आणून ठेवण्यात कोणी आडकाठी केली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. ठरावात शाळेचे नाव बरोबर आहे आणि खोल्या दोनच लिहिल्या आहेत. सूचक व अनुमोदक यांची नावे आहेत. विशेष म्हणजे दप्तरदारांनी सांगितलेले ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता’ हे वाक्य ठरावाच्या शेवटच्या ओळीत आहे. म्हणजे आम्हाला जे कारण सांगितले जात होते, ते मुळात लागूच नव्हते.

त्याच पानावर ‘कार्यवाही’ या रकान्यात ‘शिक्षण विभागास कळविले’ असे लिहून खाली दिनांक टाकलेला आहे. त्याच्या पुढे जावक क्रमांकाची जागा मात्र रिकामी आहे. शिक्षण विभागात चौकशी केली, तर असे पत्र त्यांच्या आवक नोंदवहीत नाही. आता काय करावे?

उत्तर : दप्तरदार

जावक क्रमांक नाही, याचा अर्थ पत्र टंकलिखित झाले, कदाचित सहीही झाली, परंतु ते टेबलावरून हलले नाही. ते अजून त्या सभेच्या धारिकेतच (फाइलमध्येच) टाचलेले असण्याची शक्यता बरीच आहे; मी स्वतः अशी पत्रे धारिकेतून काढलेली आहेत. आपण उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने एक पानी अर्ज द्यावा आणि त्यात ठराव क्रमांक, नोंदवहीचे पान आणि आपण ते पाहिल्याचा दिनांक लिहून ठरावाचा साक्षांकित उतारा शिक्षण विभागाकडे पाठवण्याची विनंती करावी. गाऱ्हाण्याचा सूर ठेवू नये, फक्त ‘जावक क्रमांक नमूद नाही’ एवढे लिहावे. तेवढे वाक्य वाचून संबंधित लिपिक धारिका स्वतःच उघडेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय मात्र टेबल सोडू नये.