टेगूचं घर विकत घ्यावं का बाबांकडून बनवून घ्यावं?

प्रेषक: संदीप (अंबाजोगाई, सध्या मिशिगन)

नमस्कार, अमेरिकेतल्या मराठवाडकर मंडळींनो,
गणपतीच्या वर्गणीचा थ्रेड चालू असताना मधेच हे घालतोय, माफ करा. पोरानं मागच्या वर्षी हट्ट करून अर्जेंटिनाचा काळा-पांढरा टेगू, म्हणजे मोठा सरडा, आणला. आणला तेव्हा वीतभर होता, आता शेपटीसकट तीन फूट झालाय आणि अजून वाढायलाय, नर आहे म्हणतेत, म्हणजे चार फुटांपर्यंत जाईल. सध्या चार बाय दोनच्या काचेच्या टाकीत आहे, वळला की शेपूट काचेवर आपटती. व्हेट म्हणाल्या कमीत कमी आठ बाय चार बाय चार फूट पाहिजे. पीव्हीसीचं तयार बघितलं तर 1,400 डॉलर, शिपिंग वेगळं, वर यायला दहा आठवडे.

बाबा आलेत ऑक्टोबरपर्यंत. त्यांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, एवढ्यात तर पत्र्यासकट गोठा होतो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, हात स्वस्थ बसत नाहीत, माझी दोन कपाटं आणि शेजारच्या गोऱ्याचं फाटक दुरुस्त करून झालंय. ते म्हणतेत प्लायवूड आण, आठ दिवसात उभं करतो. मला वाटतं बनवावं, बायकोला वाटतं विकत घ्यावं. कुणी केलंय का असलं काही?

प्रेषक: गजानन (नांदेड)

घोरपडच पाळली की रे संद्या! गावाकडं असतास तर फॉरेस्टवाले दारात आले असते, आपली घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलला हाय, वाघाच्या पंगतीत. ही परदेशी म्हणून वाचलास. पिंजऱ्यातलं मला शष्प कळत नाही, सामान आणायला पिकअप लागली तर सांग. फोटो टाक.

प्रेषक: वैशाली (परभणी)

संदीप, बायकोचं ऐक. आमच्याकडं इग्वाना होता, तो झाडावरचा प्राणी म्हणून ह्यांनी सहा फूट उंच लाकडी पिंजरा केला, खिळे मारून, हॉलमध्येच. दिसायला देखणा. दीड वर्षात खालचं प्लायवूड काळं पडून फुगलं, कारण आत रोज पाणी फवारायचं आणि वॉर्निश फक्त बाहेरून मारलेलं, ते बी घाईत. मग ह्यांची नोकरी बदलली, घर सोडायच्या दिवशी कळलं की दार 32 इंच आणि पिंजरा 36. मूव्हर्स खाली उभे आणि हे घाम पुसत करवतीनं पिंजरा कापायलेत. त्यानंतर आम्ही पीव्हीसीचा घेतला, स्क्रू काढले की पॅनल सुटे, दोनदा घर बदललं, काही त्रास नाही. पाण्यानं फुगत नाही, उब धरून ठेवतो आणि नंतर विकला तर कुणीतरी घेतो, घरी केलेला कुणी फुकट नेत नाही. एक-दोन वर्षात हलणार असाल तर विचारच करू नकोस.

प्रेषक: अण्णा (औसा)

संदीप, मी दोन केलेत, एक माझा आणि एक पुतण्याचा, दोन्ही टेगूचेच. वैशाली म्हणती ते खरं आहे, पण तिच्या घरच्यांनी बोल्ट लावायच्या जागी खिळे मारले, त्यात लाकडाचा काय दोष.

आधी एक सांग, ठेवणार कुठं? किमतीच्या आधी ते बघ. टेगूला उकरायला माती लागती, फूटभर तरी. आठ बाय चार म्हणजे 32 चौरस फूट, त्यात फूटभर माती म्हणजे 32 घनफूट, आणि ओलसर मातीचा एक घनफूट 80 ते 100 पाउंड भरतोय. अडीच-तीन हजार पाउंड झाले, टनाच्या वर, पेटी आणि काच वेगळी. इथल्या लाकडी घरांचा मजला साधारण चौरस फुटाला 40 पाउंड धरून केलेला असतो, म्हणजे तेवढ्या जागेला 1,280. वरच्या मजल्यावर बेडरूममध्ये ठेवणार असशील तर विकतचं घे नाहीतर बनव, घोळ तोच. मी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जाड छताच्या, घरात वाढलो, किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात माणसं दगड-मातीच्या ढिगाखाली गेली, तेव्हापासून माती किती आणि ती कशावर टेकली हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बेसमेंट असेल, काँक्रीटची फरशी असेल, तर बिनधास्त कर.

आता करायचं तर हिशोब सोपा आहे. इथं प्लायची शीट आठ बाय चारचीच येती. खाली एक, वर एक, मागं एक, आणि चौथी मधून कापली की दोन बाजू. चार शीटमध्ये पेटी, पुढं फक्त चौकट. जाडीचा हिशोब बाबांना सांगायला नको. एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, नको, ओल लागली की पोह्यासारखं फुगतंय. सीडरचं लाकूड अजिबात नको, त्याच्या वासाचं तेल सरड्यांना बाधतंय. आतून तळाला आणि मातीच्या वर वीतभर उंचीपर्यंत दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सीचा लेप, दोन हात, कोपऱ्यांत ॲक्वेरियमचं सिलिकॉन. हवेत 70-80 टक्के ओल ठेवावी लागती, एक कोपरा उघडा राहिला तर वैशालीचा पिंजरा होतो. आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन आठवडे उघडा ठेव, जनावर तोवर टाकीतच. लोक इथंच घाई करतेत.

पुढची पट्टी मातीपेक्षा उंच घे, नाहीतर काचेच्या खोबणीत माती जाती आणि दार रोज करकरतंय. काच टेम्पर्ड घे पण पेटी उभी राहिल्यावर माप घेऊन, कारण टेम्पर्ड काच नंतर कापता येत नाही. पुतण्यानं आधी मागवली, पाव इंच जास्त निघाली, अजून गॅरेजमध्ये उभी आहे.

विजेच्या सामानात मात्र जुगाड नको. ऊन खायच्या दगडावर 110-120 फॅरनहाईट पाहिजे, मे महिन्यात लातूरला पत्रा तापतो तसा, आणि दुसऱ्या टोकाला 75-80. थर्मोस्टॅट चांगला घे, बल्बला जाळी लाव, चढतोय तो. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, लांब टी-5 नळी आतून लाव, काचेतून यूव्हीबी येत नाही आणि बारीक जाळीतून बरंच कमी होतंय. नळी वर्षाला बदल, उजेड दिसत असला तरी. मिशिगनचं बेसमेंट गार, तर पाठीला आणि तळाखाली फोमची शीट घाल, लाईट बिल कमी येईल.

ही काही येळवसला (वेळ अमावास्येला) शेतात उभारायची कडब्याची कोप नव्हे, दुसऱ्या दिवशी मोडायला. हे जनावर 15-20 वर्षं जगतंय, पोरगा कॉलेजला गेल्यावर त्याच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर तुलाच वितळवायचेत.

प्रेषक: संदीप

अण्णा, ताई, धन्यवाद. घर आमचंच आहे, इतक्यात हलणार नाही, आणि बेसमेंटला काँक्रीटच आहे. बाबांना अण्णांचा मेल मोठ्यानं वाचून दाखवला, ते काही न बोलता टेप घेऊन खाली गेले. वर येऊन म्हणाले, जिन्याच्या वळणावर आठ फुटी शीट वळतच नाही. माझ्या डोक्यात बी नव्हतं. तयार मागवला असता तरी त्याचे आठ फुटी पॅनल तिथंच अडकले असते, बायको आता गप्प आहे.

मग त्यांनी कागदावर काढलं: चार बाय चारच्या दोन पेट्या, मधली भिंत नाही, आतून बोल्टनं जोडायच्या. शीट दुकानातच मधून कापून आणायच्या. यात मधला जोड वाढला, तिथून ओल झिरपणार, तर अण्णा, सिलिकॉन भरावं का पट्टी घालावी? बाबा म्हणतेत सिलिकॉन भरलं की परत सोडवताना कापावं लागतंय, त्यापेक्षा एसटीच्या खिडकीला असती तसली रबर पट्टी इथं मिळती का विचार.

गजूभाऊ, शनिवारी सकाळी नऊला पिकअप घेऊन या, आई धपाटे करणार आहे. फोटो जोडलाय, शेजारी बाबांची चप्पल ठेवलीय मापाला.