प्रेम हळूहळू जमणारी फँटसी सुचवा, नायिका खमकी हवी

खिडकीची_जागा
मंडळी, मदत हवी आहे. ठाणे ते नेरूळ रोजचा प्रवास, ट्रान्स-हार्बरने. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे सकाळी बहुधा बसायला मिळतं आणि जाऊन-येऊन तासभर वाचून होतं. गेले दोन महिने फँटसी रोमान्सचा सपाटा लावलाय आणि आता डोकं उठलंय.

पहिल्या पानावर नायिका म्हणजे साम्राज्यातली सगळ्यात घातक मारेकरी. चाळिसाव्या पानापर्यंत तिने एक माशीही मारलेली नसते, पण नायकाच्या डोळ्यांचा रंग सहा वेळा सांगून झालेला असतो. शंभराव्या पानावर दोघं एकाच खाटेवर, कारण धर्मशाळेत खोली एकच शिल्लक. लागोपाठ तीन पुस्तकांत तीच एक खोली!

मला स्लो-बर्न हवंय, पण प्रेम उशिरा जमण्याला काहीतरी सबळ कारण हवं. 'दोन मिनिटं नीट बोलले असते तर पुस्तक आटोपलं असतं' असले गैरसमज नकोत. नायिकेला तलवार नसली तरी चालेल, डोकं हवं. इंग्रजी चालेल, मराठी असेल तर उत्तमच. सात-आठ भागांची मालिका मात्र नको, घरात जागा नाही.

तीन_मिरच्या
मिरच्या किती चालतील ते सांग आधी. म्हणजे दार बंद झाल्यावर लेखिकेने बाहेर थांबावं की आत जावं?

खिडकीची_जागा
बाहेर थांबली तर बरं. शेजारची बाई पानात डोकावत असते गं.

तलावपाळीकर
स्लो-बर्न म्हणजे गॅस बारीक ठेवायचा, असंच ना? वाचतोय. सवडीने लिहितो.

सेक्टर_नऊ_वाशी
ताई, तुमच्या अटी वाचल्या आणि एकच नाव डोळ्यांसमोर आलं. ज्युलिएट मॅरिलियर यांचं 'डॉटर ऑफ द फॉरेस्ट', १९९९ सालचं. जुन्या आयर्लंडमधली गोष्ट. सॉर्का ही सहा भावांच्या पाठची धाकटी. सावत्र आई भावांचे हंस करते. त्यांना सोडवायचं तर एका काटेरी झाडाचे तंतू काढून, कातून, विणून सहा सदरे शिवायचे आणि सहावा सदरा अंगात जाईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मूळ लोककथा युरोपातली, ग्रिमबंधूंच्या संग्रहात आहे.

आता सबळ कारण बघा. नायक ब्रिटनचा, म्हणजे शत्रूपक्षाचा. त्याचा भाऊ बेपत्ता आहे आणि त्याचं काय झालं हे या मुलीला ठाऊक असणार अशी त्याला खात्री आहे. म्हणून तो तिला आपल्या घरी नेतो. तिला ठाऊक आहेच! पण तोंड उघडलं तर सहा भाऊ गेले. त्याला उत्तर हवंय, तिला देता येत नाही, आणि या अवस्थेत दोघं एका छपराखाली राहतात. त्याचे नातेवाईक तिला चेटकीण समजतात. ती मान खाली घालून कातत बसते.

मला सगळ्यात काय लक्षात राहिलं असेल तर तिचे हात. काटे रुतून रुतून बोटं सुजतात, जाड होतात, ओळखू येईनाशी होतात. माझी आजी वाकळ शिवायची. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुईच्या मागच्या टोकाने घट्टा पडला होता, त्यावर टाचणी टोचली तरी तिला कळायचं नाही आणि आम्ही नातवंडं तो खेळ करायचो. पुस्तक वाचताना ते बोट सारखं आठवत होतं. नायिकेचं शौर्य एखाद्या लेखिकेने बोटांत दाखवलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

एक सावधगिरी: मध्यापूर्वी तिच्यावर अत्याचाराचा प्रसंग आहे आणि तो कठीण आहे. गाडीत वाचू नका. मालिका आहे, पण हा भाग स्वतंत्र वाचता येतो.

पारसिक_बोगदा
+१. शेवटची पन्नास पानं मी ऑफिसातल्या बाथरूममध्ये वाचलीत.

तलावपाळीकर
आता माझं. तुम्ही सगळे आयर्लंडला निघालात, मी विदर्भात नेतो. दमयंती.

हसू नका. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला ही कथा सांगतात. जादू आहे: बोलणारा हंस, मंडपात नळाचं रूप घेऊन बसलेले इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. दमयंती गोंधळत नाही. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. जो धुळीने माखलाय आणि घामेजलाय, त्याच्या गळ्यात ती माळ घालते. मराठीत रघुनाथ पंडितांचं आख्यानकाव्य या स्वयंवरावर आहेच.

तीन_मिरच्या
काका, आदर राखून सांगते, हे स्लो-बर्न नाही. हंसाने जाऊन नुसतं वर्णन केलं आणि दोघं न बघताच प्रेमात. याहून फास्ट काय असतं?

तलावपाळीकर
पूर्वार्ध फास्ट आहे, मान्य. मी उत्तरार्धाबद्दल म्हणतोय. द्यूतात सगळं गेल्यावर नळ तिला रानात झोपलेली सोडून जातो, तिचंच अर्धं वस्त्र कापून घेऊन. त्यानंतर ती काय करते? माहेरी पोचते आणि शोधमोहीम काढते. ब्राह्मणांना गावोगाव पाठवते ते नळाचं वर्णन देऊन नव्हे, त्याचं रूप बदललेलं असू शकतं. त्याच्या काळजाला लागेल असं बोलणं शिकवून पाठवते आणि सांगते, याला जो उत्तर देईल त्याची खबर आणा. अयोध्येच्या ऋतुपर्णाचा बाहुक नावाचा कुरूप सारथी उत्तर देतो. मग ही खोट्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप धाडते, मुहूर्त उद्याचा! शंभर योजनं एका दिवसात रथ हाकणारा एकच माणूस.

तो आला तरी बाई गळ्यात पडत नाही. केशिनी दासीला पाळतीवर ठेवते. तो नुसता बघतो आणि रिकाम्या घागरी भरतात, विस्तव हातात धरला तरी भाजत नाही. तेवढ्यावरही भागत नाही. त्याने रांधलेलं मांस मागवून चव बघते. मग मुलांना पुढे पाठवते, आणि त्यांना पाहून तो रडतो. तुमच्या त्या मारेकरणींपैकी कुणी इतकी कसून चौकशी केली असेल तर सांगा.

तीन_मिरच्या
बरं, उत्तरार्ध मिळाला तुम्हाला. पण माझ्या मते सोडून गेल्याबद्दल त्याची हजेरी अजून घ्यायला हवी होती.

तलावपाळीकर
ते आमच्या सौ.चंही मत आहे. खिडकीताई, १८९३ पासूनचं आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय स्टेशनापासून चालत आहे. वनपर्व तिथे मागा.

घोडबंदर_सर्व्हिस_रोड
माझं वय त्रेचाळीस. या प्रकारातल्या सगळ्या नायिका एकोणीस वर्षांच्या का असतात हा माझा जुना प्रश्न. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांचं 'पॅलाडिन ऑफ सोल्स' (२००३) वाचा. इस्टा चाळिशीची, विधवा, राज्य करणाऱ्या राणीची आई. एके काळी तिला वेड लागलंय असं सगळे समजत होते, त्यामुळे आता प्रत्येक जण तिच्याशी हळू आवाजात बोलतो. तिला गढीबाहेर पडायचंय आणि एकटीला कुणी सोडत नाही. मग ती तीर्थयात्रेचं निमित्त काढते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी हेच केलंय, वारीला निघाल्या की घरचा माणूस अडवू शकत नाही!

देव पाच आहेत आणि त्यांतला एक महाचावट आहे. ज्याच्याशी जमतं तो गृहस्थ दिवसातला बहुतेक वेळ बेशुद्ध पडलेला असतो, त्यामुळे प्रेमाला वेग येणार कुठून. तिचं नवल मला वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं: ती चिडकी आहे, तिरकस बोलते, आणि लेखिका तिला सुधारायला जात नाही. या पुस्तकाला २००४ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीसाठीचा मोठा पुरस्कार, मिळाला. आधीचा भाग 'द कर्स ऑफ चॅलियन', तो वाचला नसेल तरी अडत नाही, पण वाचलेला बरा.

कोपरखैरणे_लोकल
कुणी ताशा सुरींचं नावच काढलं नाही? 'एम्पायर ऑफ सँड', २०१८. मुघलांसारखं साम्राज्य. मेहर ही सुभेदाराची अनौरस मुलगी, आईची जमात सत्तेला नको असलेली. जादू नाचातून होते. मी बारा वर्षं भरतनाट्यम् केलंय. बोटांची ठेवण जरा चुकली की अर्थ बदलतो, हे जिने अंगावर शिकलंय तिला हे पुस्तक वेगळंच वाचायला मिळतं. आमच्या ताई काठीने तळवा वर उचलायच्या, ते आठवलं.

लग्न जबरदस्तीचं आहे आणि नवराही गुलामच आहे. त्याच्या मालकाचा शब्द त्याच्या आत्म्याला बांधलेला, मोडता येत नाही. मग हुकमाच्या शब्दांमधल्या फटी शोधून तो तिला जपतो. जवळ आलो तर तीही बांधली जाणार, म्हणून दोघं लांब. खिडकीताई, हे कारण पुरेसं सबळ आहे का?

पारसिक_बोगदा
घाईत दोन नावं टाकतो. नेओमी नोविक, 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८): सावकाराची मुलगी स्वतः वसुलीला निघते आणि हिमराजाशीही व्यवहार केल्यासारखीच बोलते. कॅथरीन आर्डन, 'द बेअर अँड द नाइटिंगेल' (२०१७): तीनच भाग, रशियातला हिवाळा, चुलीमागे राहणारा घरदेव. पहिल्या भागात प्रेम शोधू नका. कांजूर सोडताना मे महिन्यात वाचलं आणि डब्यात थंडी वाजली.

खिडकीची_जागा
पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे आभार.

'डॉटर' वाचलं. सेक्टर नऊ, सावध केलंत ते बरं झालं, तो भाग घरी वाचला आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घातलंच नाही. एक गंमत सांगते. ती पुस्तकभर गप्प, आणि गाडीत माझ्या आजूबाजूला सगळे स्पीकरवर. तिच्यासाठी मीच दोनदा ओरडले, 'जरा हळू!'

'एम्पायर ऑफ सँड' मध्ये थोडं रेंगाळलं. वाळवंटातल्या त्या मंदिरात आपणही अडकलोय असं वाटायला लागलं. पण कोपरखैरणे, कारण सबळ आहे, शंभर टक्के. तो तिच्याकडे पाठ करून झोपतो तेवढ्यातही जे आहे ते त्या एका खोलीवाल्या तिन्ही पुस्तकांत मिळून नव्हतं.

इस्टा अजून चालू आहे. मी चौतीसची, तरी ती माझी मैत्रीण व्हावी असं वाटतं.

आणि काका, वनपर्व आणलं. घागरी भरल्यावर, विस्तवाने भाजलं नाही हे कळल्यावरही दमयंती चव बघायला मांस मागवते, तिथे मी थांबले. देव ओळखताना तिने घाम पाहिला होता, नवरा ओळखताना हातची चव. दोन्ही वेळा माणसाचीच खूण.

आता 'एम्पायर'चा पुढचा भाग 'रेल्म ऑफ ॲश' कुणाकडे आहे का? चार दिवसांत परत देईन, कव्हर घालून.

कोपरखैरणे_लोकल
माझ्याकडे आहे. पण त्यात नायिका मेहर नाही, तिची धाकटी बहीण आहे. अरवा, एकविशीची विधवा. शुक्रवारी साडेसहाला ठाण्यात ट्रान्स-हार्बरच्या पुलावर भेटूया, फक्त पान १८० वर चहाचा डाग आहे, तो माझा नाही.

तलावपाळीकर
विधवा नायिका म्हणालात? तुमचं वाचून झालं की नंबर आमचा. सौ. आत्ताच विचारत होती, त्या बुजोल्डबाईंचं स्पेलिंग काय.