१७ वर्षांची घोडी, पायाचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटलंय. लंगडणं थांबलं, आता मोकळी सोडू का?

सकाळची_रपेट:
घोडीचं सगळं आयुष्य जंपिंगमध्ये गेलंय. तीन आठवड्यांपूर्वी उडी मारून उतरताना पुढच्या उजव्या पायावर अडखळली. संध्याकाळपर्यंत गुडघ्याखालच्या नळीची मागची बाजू धनुष्यासारखी फुगली, मी घाबरूनच गेले. सोनोग्राफीत वरच्या, म्हणजे कातडीलगतच्या फ्लेक्सर टेंडनच्या मधोमध काळा डाग दिसला, आडव्या छेदाचा साधारण पाव भाग. गार पाणी, पट्ट्या, दहा दिवस ब्यूट (दुखणं-सूज कमी करणारं औषध), तबेल्यात बंद, सगळं केलं. आता चालताना अजिबात लंगडत नाही, उलट दारावर लाथा मारते. ट्रेनर म्हणतात पॅडकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या मैदानात सोड, आपोआप मोकळी होईल. दुसरे एकजण म्हणतात या वयात कशाला एवढा खटाटोप, तापल्या लोखंडाने डाग देऊन टाका. काय करू?

जुना_मोतद्दार:
ताई, सोडू नका. एवढं ऐका, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

लंगडणं थांबलं म्हणजे सूज उतरली आणि दुखणं कमी झालं, एवढंच. आत जे भरतंय ते अजून कच्चं आहे. टेंडनचे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. आधी येतो तो टाइप ३ कोलॅजन, सगळा वेडावाकडा. त्याच्या जागी टाइप १ येऊन धागे ओढीच्या दिशेला लागायला महिने जातात. तरीही पहिल्यासारखा लवचीकपणा परत येत नाही, म्हणून याच दुखण्याचे घोडे पुन्हा पुन्हा येतात.

माझा स्वतःचा घोडा १९ वर्षांचा होता. दहाव्या आठवड्यात झकास चालायला लागला आणि मी भरीस पडून अर्धा तास मोकळा सोडला. पठ्ठ्याने एक फेरी चौखूर मारली, कुंपणाशी येऊन गर्रकन वळला. संध्याकाळी पाय पुन्हा गरम. स्कॅनमध्ये आधीचं भोक वर-खाली लांबलेलं. झालेले दहा आठवडे पाण्यात.

चालवायचं हातात धरून, कडक सपाट जमिनीवर, सरळ रेषेत. खोल वाळू नको, लंजिंगचे, म्हणजे लांब दोरीवर फिरवण्याचे गोल तर नकोच. पाच मिनिटांपासून सुरू करा आणि डॉक्टर हो म्हणतील तसं आठवड्याला पाच-पाच वाढवा. दुडकी साधारण तीन महिन्यांनी, तीही नवा स्कॅन बघून. कामावर परत यायला नऊ ते बारा महिने धरा. उड्या कधी, हा प्रश्न आत्ता विचारूच नका. लाथा फारच मारत असेल तर चंदी कमी करा, गवत जाळीत भरून द्या. चालवण्यापुरतं हलकं शामक डॉक्टरांना विचारून देता येतं.

आणि रोज खरारा करायच्या आधी हे करा. पाय उचलून गुडघ्यात वाकवा, म्हणजे टेंडन सैल पडतं. मग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली या. आधी डावा, मग उजवा. काल नव्हती ती गाठ, किंवा एकाच जागी तिने पाय ओढून घेतला, तर त्या दिवशी चालणं बंद. गरमपणा बघायला उलटा हात लावा, तळहाताला रापलेपणामुळे कळत नाही. वहीत लिहा. मी लिहीत नव्हतो.

डाग देण्याचं म्हणाल तर तापल्या लोखंडाने कातडी भाजते, आतलं टेंडन त्याने लवकर भरत नाही. घोड्याला नुसता त्रास.

घोडे_डॉक्टर:
वरचं बहुतेक पटलं. पीआरपी नावाचं इंजेक्शन देतात ते घोडीच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून, सोनोग्राफीखाली थेट त्या काळ्या डागात. तुमच्यासारख्या मधल्या इजेत विचार करण्यासारखं आहे, पण जादू नाही. चालवण्याचा कार्यक्रम चुकला तर तेही फुकट. स्टेरॉइडचं इंजेक्शन टेंडनमध्ये कुणालाही देऊ देऊ नका.

वय १७ आहे म्हणून एक तपासणी आवर्जून करा: कुशिंग या हार्मोनच्या आजारासाठी रक्तातलं एसीटीएच हार्मोन. अशा घोड्यांत भरून येणं मंदावू शकतं, आणि खुराच्या सुजेचा धोका असतो तो वेगळाच. शरद ऋतूत आकडा सगळ्याच घोड्यांत वर जातो, तेव्हा अहवाल ऋतू लक्षात घेऊन वाचावा लागतो.

नाल_आणि_खूर:
नालबंदाला टाच उंच करायला सांगू नका! सगळे हेच करतात. टाच उचलली की खालच्या, खोल टेंडनवरचा ताण कमी होतो. तुमचं वरचं फाटलंय. उलट घोटा जास्त खाली बसू शकतो. खुराचं पुढचं टोक लांब वाढलेलं असेल तर तेवढं मागे घ्या, बाकी पाय तोलात राहू द्या.

सकाळची_रपेट:
सगळ्यांचे आभार. पॅडकचं दार बंद. आज घड्याळ लावून पाच मिनिटं चालवलं, ती वैतागली. चिमटीने बघितलं तर उजव्या नळीच्या मध्यावर वाटाण्याएवढी जागा जाड लागते, डावीकडे काही नाही. वहीत लिहिलं.

डॉक्टर, कुशिंगचं वाचून एक आठवलं. उन्हाळा लागून दीड महिना झाला तरी तिच्या पोटाखालचे लांब केस गळलेले नाहीत, बादलीही हल्ली लवकर रिकामी होते. मी म्हातारपण समजत होते. उद्याच रक्त द्यायला सांगते.