विधेयकांवरची सुनावणी सोलापुरात का होऊ नये?

चाटीगल्लीकर

जनसुरक्षा विधेयकाचा, म्हणजे कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईच्या राज्याच्या विधेयकाचा प्रवास आठवा. जुलै २०२४ मध्ये मांडलं, ते तसंच राहिलं. डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या २५ आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या, त्या १२ हजारांच्या वर आल्या. ९ जुलै २०२५ ला समितीचा अहवाल सभागृहात आला, १० तारखेला विधानसभेत विधेयक मंजूर, ११ तारखेला विधान परिषदेत मंजूर.

विधेयक चांगलं की वाईट यावर इथे कृपया भांडू नका, त्याला दुसरा धागा काढा. माझा प्रश्न पद्धतीचा आहे. बारा हजार पत्रं आणि मेल आले, त्यातलं कुठलं वाचलं, कुठलं पटलं, कुठलं का नाकारलं, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. समितीच्या बैठका बंद दाराआड. सभागृहात चर्चा होते ती यूट्यूबवर दिसते, पण तोवर मसुदा पक्का झालेला असतो.

म्हणून म्हणतो, महत्त्वाचं विधेयक समितीकडे गेलं की समितीने प्रत्येक महसूल विभागात उघड सुनावणी घ्यावी. पुणे विभागाची म्हणजे दरवेळी पुण्यातच असं नको. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, नियोजन भवन आहे. सोलापुरात बसा, ऐका.

होटगीरोड

कल्पना छान, पण त्यातून निघणार काय? फोटो निघतील.

आपल्याकडे संयुक्त समितीचा अध्यक्ष मंत्रीच असतो. महिला-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षेच्या शक्ती विधेयकाचं काय झालं ते बघा. डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, समितीवर अध्यक्ष खुद्द गृहमंत्री, मध्येच गृहमंत्री बदलले म्हणून अध्यक्षही बदलले, वर्षभराने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर. राष्ट्रपतींची संमती शेवटपर्यंत मिळाली नाही. ज्याचं विधेयक तोच हरकती ऐकणार. लोकसभेच्या स्थायी समित्यांवर मंत्र्याला साधं सदस्यही होता येत नाही. आधी ते बदला, मग सभागृहाचं भाडं भरा.

कोर्टातला कोट

होटगीरोड, शक्ती अडकलं ते समितीमुळे नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद करायची तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. तिथे गाडं अडलं.

समितीत काहीच बदलत नाही हेही खरं नाही. जनसुरक्षाच्या मूळ मसुद्यात व्यक्तींवर आणि संघटनांवर कारवाईची जी मोघम भाषा होती, ती समितीनंतर कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरती आली. तपास उपनिरीक्षकाकडे होता तो उपअधीक्षकाकडे गेला. पुरेसं नाही म्हणा हवं तर, पण कागदावर फरक आहे.

आणि सभागृहात कलमवार विचार कसा होतो ते एकदा यूट्यूबवर बघाच. अध्यक्ष एका दमात "कलम २ ते अमुक" असं वाचतात, होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणायचं, नाही म्हणणाऱ्यांनी नाही म्हणायचं, झालं. पाचपन्नास कलमांची विधेयकं चहा थंड व्हायच्या आत पास होतात. मराठा आरक्षणाचं विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ ला दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी चर्चेविना मंजूर झालं. २० फेब्रुवारी २०२४ चं एका दिवसाचं विशेष अधिवेशन, तेही तसंच. एकमत होतं म्हणे. एकमत असलं तरी कलमं वाचायला काय हरकत होती? पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयात मे २०२१ मध्ये पडला, तेव्हा प्रत्येक कलमावर काथ्याकूट झालाच, फक्त तो दिल्लीत आणि वकिलांनी केला.

सांगोला लाईन

वकीलसाहेब, सभागृहाला इतकं खाली पाडू नका. आमच्या सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवलं. शेकापचा आमदार, सत्ता बहुतेक काळ समोरच्यांकडं. एसटीनं जाणारा माणूस, पण विधेयकावर उभा राहिला की मंत्र्याला फाइल उघडायला लागायची. कारण बोललेला शब्द न् शब्द कार्यवाहीत छापला जातो. समितीत कोण काय बोललं ते कुणाला कळतंय? जनसुरक्षावर मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की समितीतल्या एकाही विरोधी सदस्यानं भिन्नमत नोंदवलेलं नाही. आणि नंतर तेच पक्ष विधान परिषदेत सभात्याग करून बाहेर! विधानसभेत ठाम विरोध केला तो डहाणूच्या माकपच्या एकट्या आमदारानं. तो दिसला कारण ते सभागृह होतं.

चाटीगल्लीकर

काका, गणपतरावांबद्दल दुमत नाही. पण त्यांना बोलायला दिवस मिळायचे. २०२४ चं नागपूर अधिवेशन किती दिवसांचं? १६ ते २१ डिसेंबर. त्यात पुरवणी मागण्या, लक्षवेधी, गोंधळ, राज्यपालांच्या अभिभाषणावरची चर्चा. विधेयकाच्या वाट्याला काय उरतं?

होटगीरोड

म्हणजे उपाय अधिवेशन वाढवणं हा आहे, समितीला सहलीला पाठवणं हा नव्हे. थेट सरपंच निवडीचं बघा. २०१७ ला कायदा आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. सरकार बदललं की कायदा बदलला. याच्यावर सोलापुरात शंभर माणसं बोलली असती तरी एक मत इकडचं तिकडं झालं नसतं.

मंगळवेढ्याची ज्वारी

मी शेतकरी आहे, जरा आमच्या अंगानं बघा.

ऊस दराचा कायदा २०१३ चा. रंगराजन समितीच्या सूत्रावर उत्पन्नाची वाटणी ठरली, साखर आणि उपपदार्थ धरून ७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला. आता त्यात दुरुस्ती आली आणि समिती सोलापुरात बसली असं धरा. समोर टेबलावर कोण असणार? या जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने, आणि आमदार किंवा आमदाराचं घर कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. ज्याच्याकडं माझं बिल थकलंय त्याच्याच समोर माईक धरून मी सांगू की तुम्ही काटा मारता? पुढच्या हंगामात माझ्या उसाला तोड येईल का?

मेल बरा राव. मेलवर निदान नाव कोण चावडीवर वाचत नाही.

साखरपेठ

ज्वारीभाऊंनी बोलून दाखवलं ते आमच्याकडं पण तसंच आहे. माझी आई, मावशी बिडी वळतात. बिडी कामगारांचा मूळ कायदा १९६६ चा, तो केंद्राचा, त्यामुळं मुंबईच्या समितीशी थेट संबंध कमी हे मला माहिताय. पण समिती म्हणजे काय चीज असते ते त्या धंद्यात आम्ही बघितलंय. २०१५ मध्ये तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के चित्र-इशाऱ्याचा विषय संसदेच्या समितीपुढं होता. त्या समितीत एक खासदार असे होते ज्यांचा स्वतःचा बिडीचा मोठा धंदा. आणि समितीचे अध्यक्ष, आपल्या शेजारच्या नगरचे खासदार, म्हणाले की तंबाखूनं कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यासच नाही. समितीनं इशारा ५० टक्क्यांवर आणा म्हणून शिफारस केली. सरकारनं शेवटी १ एप्रिल २०१६ पासून ८५ च लावलं.

आता यात वळणाऱ्या बायांना कुणी विचारलं? रोजगार जाईल म्हणून त्यांचं नाव सगळ्यांनी घेतलं. दोन्ही बाजूंनी.

कोर्टातला कोट

हा मुद्दा महत्त्वाचा. हितसंबंध असलेल्या सदस्याने समितीतून बाजूला व्हावं, निदान ते उघड जाहीर करावं. उसाच्या विधेयकावर कारखान्याचे चेअरमन बसतात ही गोष्ट आपण इतकी पचवलीय की ती कुणाला खटकतही नाही.

होटगीरोड

आता उघड सुनावणीचा खरा धोका सांगतो. जादूटोणाविरोधी विधेयक. २००५ ला विधानसभेत मंजूर झालं, विधान परिषदेत अडकलं, समिती झाली, हरकतींचे ढीग आले. वारकरी संघटनांचा विरोध किती होता ते पंढरपूरच्या जिल्ह्यात सांगायला नको. त्या वेळी समितीने पंढरपुरात उघड सुनावणी लावली असती तर काय झालं असतं? ज्याच्यामागे गर्दी तो बरोबर. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आठ वर्षं ऐकण्यात गेली.

चाटीगल्लीकर

आठ वर्षं ऐकण्यात नाही गेली, घाबरण्यात गेली. ऐकण्याचा भाग मात्र वाया गेला नाही. आजच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही. हे कलम कुठून आलं? हरकतींतूनच. वारी बंद होणार ही आवई त्या कलमापुढे टिकत नाही. होटगीरोड, तुम्ही ज्याला गर्दी म्हणता तिच्यातल्या बऱ्याच जणांची शंका खरी होती, फक्त ती कुणी वेळेवर लिहून मिटवली नाही.

होटगीरोड

कायदा वाचून विरोध करणारे किती होते त्यात?

चाटीगल्लीकर

आणि वाचून पाठिंबा देणारे? मसुदा मराठीत, सोप्या भाषेत वेळेवर हातात पडला तर वाचतील ना. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ठरवलं की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. ते केंद्राच्या खात्यांपुरतं, आणि तिथेही बऱ्याचदा धाब्यावर बसवलेलं. आपल्याकडे गंमत अशी की कायद्याखालचे नियम करताना बहुतेक वेळा मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवाव्या लागतात, मूळ कायद्याला मात्र तसं काही बंधन नाही.

अशोक चौक

यंत्रमागवाला बोलतोय. सुनावणीचा आमचा अनुभव आहे, विजेच्या दराच्या. वीज नियामक आयोग दरवाढीचा प्रस्ताव आला की जाहीर सुनावणी घेतो, आमची पुण्यात. गाडी करून जातो, आधी लेखी हरकत दिलेली असते, तिथं पाच मिनिटं बोलायला मिळतं. सवलतीचं काय, मागणी आकार का वाढवला, सगळं विचारतो.

नंतर आयोगाचा आदेश येतो, शेकडो पानांचा. त्यात कुणाची हरकत काय होती, महावितरणचं उत्तर काय, आणि आयोगाचं म्हणणं काय, असं मुद्द्यागणिक लिहिलेलं असतं.

होटगीरोड

आणि दर कमी झाले का?

अशोक चौक

कशाला होतात. वाढलेच. पण का वाढले ते कागदावर मिळालं, आणि त्या कागदावर अपील करता येतं. तुमच्या बारा हजार पत्रवाल्यांना काय मिळालं? पोच तरी मिळाली का बघा.

कोर्टातला कोट

अशोक चौक, उदाहरण चांगलं आहे पण जसंच्या तसं लागू होणार नाही. आयोग अर्धन्यायिक आहे, कारणं देणं त्याला बंधनकारक. विधिमंडळाला कुणी कारण विचारू शकत नाही, कार्यपद्धतीत चूक झाली म्हणून अनुच्छेद २१२ खाली न्यायालयही आत डोकावत नाही. सभागृहाने स्वतःच्या नियमांत बदल केला तरच हे होईल. अनुच्छेद २०८ ने तो अधिकार सभागृहाला दिलाय. म्हणजे मागणी करायची तर सरकारकडे नाही, विधानसभा अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती यांच्याकडे, नियम समितीमार्फत.

सांगोला लाईन

हे पटण्यासारखं आहे. समितीच्या अहवालाला जोडपत्र लावा. आलेल्या हरकती विषयवार, समोर समितीचं उत्तर. मग आमदाराला सभागृहात उभं राहून विचारता येईल, की ४ नंबरच्या हरकतीवर तुमचं उत्तर गोलमाल का. आज त्याच्या हातात विचारायला काही नसतं म्हणून तो घोषणा देतो.

मंगळवेढ्याची ज्वारी

जोडपत्रात नावं नकोत. गाव पण नको. विषय तेवढा.

साखरपेठ

आणि सुनावणी रद्दच करणार असाल तर आमच्या घरच्यांनी हरकत कशी द्यायची ते पण सांगा. आईला मराठी समजतं, लिहिता येत नाही. तेलुगूत बोलते. अशा पूर्व भागात किती बाया आहेत ते सोलापूरकरांना सांगायला नको. विधिमंडळाचं कामकाज मराठी, हिंदी, इंग्रजीत, पण ज्याला या भाषा येत नाहीत त्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात, हे घटनेतच आहे ना वकीलसाहेब? मग आमदाराला सोय आणि बिडीवालीला नाही?

कोर्टातला कोट

अनुच्छेद २१०, बरोबर. तो सभागृहातल्या सदस्यांपुरता. समितीपुढे येणाऱ्याला दुभाषा द्यायला मात्र कुठलाच अनुच्छेद आडवा येत नाही.

होटगीरोड

ठीक. माझं सांगतो. मंत्र्याने अध्यक्ष नसणे, हितसंबंध जाहीर करणे, हरकतींवर लेखी उत्तर, या तिन्हीवर निवेदन काढा, मी सही करतो. जिल्ह्यातल्या उघड सुनावणीवर नाही करणार. ज्वारीभाऊ तिथे गप्प बसणार आणि चेअरमनचे वीस माणसं टाळ्या वाजवणार, हे त्यांनीच वर लिहिलंय.

चाटीगल्लीकर

ज्वारीभाऊंसाठी लेखी आणि निनावी मार्ग ठेवू. साखरपेठच्या आईंसाठी तोंडी. दोन्ही ठेवायला काय जातं?

साखरपेठ

तोंडी ठेवाल तर सकाळी अकराची वेळ टाकू नका. त्या वेळी माल द्यायला आणि पानं-तंबाखू घ्यायला कारखान्यात रांग असते, ती सोडून कुणी येणार नाही.

चाटीगल्लीकर

निवेदनाचा मसुदा रविवारी इथेच टाकतो. होटगीरोड, सुनावणीचा मुद्दा शेवटी घेतो, त्याच्या वर रेघ मारून. तुमची सही रेघेच्या वर घ्या.

होटगीरोड

मसुदा आधी टाका, मग बघू. आणि चार ओळींच्या वर नको, तिकडे कुणी वाचत नाही हे आत्ताच तुम्ही सिद्ध केलंय.