रिसेल फ्लॅटचा हॉल मांडून दाखवावा, की आहे तसाच?

मोजपट्टी

नाशकात जुन्या इमारतीतला टू बीएचके विकायला काढला की मालक शेअर सर्टिफिकेट शोधतो, एजंटला फोन लावतो आणि हॉल मात्र होता तसाच ठेवतो. माझं म्हणणं असं, की पहिला फोटो काढायच्या आधी हॉल मांडून घ्या. भाड्याने सोफे आणा असं मी सांगत नाही. मांडायचं म्हणजे मुख्यतः बाहेर काढायचं.

हिशेब बघा. हॉल १० बाय १५. एका भिंतीला तीन फूट खोलीचा सोफा, समोर दीड फुटाचं शोकेस. उरले साडेपाच फूट. मधे दोन फुटी टीपॉय, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन फूट. एवढ्यातून माणूस आडवा होऊनच जातो, आणि नवरा-बायको-सासरे असे तिघं बघायला आले की एकजण दारातच उभा राहतो. त्याच्या लेखी तो हॉल ‘लहान’. शोकेस आणि टीपॉय काढा, त्याच हॉलमध्ये सात फूट मोकळी जमीन दिसते.

ठेवायचं काय? तीन जणांचा सोफा, एक खुर्ची, टीव्ही भिंतीवर. दिवाण, शिलाई मशीन, कपडे वाळवायचं स्टँड, फ्रिजवर न मावलेले डबे हे सगळं हॉलबाहेर. आतल्या खोलीतही कोंबू नका, गिऱ्हाईक ती खोली उघडणारच. नातेवाइकाकडे किंवा गाळ्यात पंधरा दिवस ठेवा.

पडद्याचा दांडा चौकटीच्या वर सहा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच बाहेर घ्या, म्हणजे पडदा पूर्ण सरकतो आणि काच झाकत नाही. दिवे एकाच रंगाचे. एकीकडे ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब आणि छतात ३००० चे पिवळे स्पॉट असले की एकच भिंत दोन रंगांची दिसते. दीडशे फुटांच्या हॉलला ४००० केल्विनच्या, साधारण २००० ल्युमेनच्या दोन पट्ट्या पुरतात.

रंग एकच, मोतिया पांढरा. दारं-खिडक्या वजा जाता भिंती ३६० ते ३७० चौरस फूट भरतात. दोन हातांना सहा लिटर, छताला अडीच. दहाचा एक डबा घेतला की भिंती-छत दोन्ही होतात आणि डागडुजीला थोडा उरतो.

कोरडी_भिंत

बाकी सगळं मान्य, रंगाचा परिच्छेद अमान्य. मालक ‘मांडणी’ ऐकतो आणि करतो काय, तर पोपड्यावर पुट्टी ओढतो. नाशकात पाऊस येतो पश्चिमेकडून. हॉलची पश्चिमेची भिंत, खिडकीखालचा पट्टा आणि पॅसेजमधली बाथरूमला लागून असलेली भिंत या तीन जागा आधी बघा. तिथे लोणा दिसत असेल, बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल, तर पाणी अजून गिलाव्यातून येतंय. त्यावर पुट्टी आणि दोन हात मारले की महिना-दीड महिना छान दिसतं. मग पुट्टीच्या मागे क्षार साठतात, फुगा येतो आणि पापुद्रा सुटतो. तोवर टोकन झालेलं असतं, कधी कधी खरेदीखतही.

चाचणी फुकटात होते. दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, २४ तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली, म्हणजे खिडक्या उघडा, काम संपलं.

आणि खिडकीखालची ओल दर वेळी बाहेरच्या भेगेतूनच येते असं नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती धूळ आणि मेलेल्या किड्यांनी बुजतात, पट्टी भरते आणि पाणी आत हॉलमध्ये सांडतं. झाडूच्या काडीने ती मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय का पाहा. दहा मिनिटांचं काम. त्याच पाण्याने टीव्ही युनिटची खालची फळी फुगलेली असते, तिचं कारणही गिऱ्हाइकाला सांगता येतं.

हप्तेवाला

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. हॉल कितीही सजवा, बँकेचा व्हॅल्युअर सोफा मोजत नाही. तो कार्पेट एरिया, इमारतीचं वय, मजला, मंजूर नकाशा आणि आसपासचे नोंदणीकृत व्यवहार बघतो.

समजा सजावटीच्या जोरावर सौदा ४८ लाखांना ठरला आणि मूल्यांकन आलं ४५. बँक दोन्हींतला कमी आकडा धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के. म्हणजे ४८ वर ३८ लाख ४० हजार मिळतील असं गिऱ्हाईक धरून चाललं होतं, हातात येतात ३६. दोन लाख ४० हजारांचा खड्डा. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी कर्जात धरत नाहीत, ते पैसे आधीच खिशातून जायचे असतात. इथे सौदे मोडतात. मांडलेल्या हॉलने गिऱ्हाइकाला चढवून ठेवायचं आणि नंतर टोकन परत मागायला आलं की तोंड फिरवायचं, याला मी मांडणी म्हणत नाही.

मोजपट्टी

@हप्तेवाला, भाव चढवायला मांडा असं मी कुठे म्हटलं? मी भेटी वाढवायला मांडा म्हणतोय. एकाच इमारतीत तीन फ्लॅट विकायला असतात, तिन्हींचं मूल्यांकन जवळपास सारखंच येणार. त्यातला कुठला आधी जातो एवढाच प्रश्न आहे. भाव मूल्यांकनाच्या आसपास ठेवा आणि हॉल मोकळा ठेवा, यात विरोध कुठे आला?

@कोरडी_भिंत यांचं खरं आहे. ओल निघेपर्यंत ब्रश लावू नये. मी क्रम लिहिला नव्हता, चूक माझी.

टोकन_आधी

एजंटच्या बाजूने थोडं. गिऱ्हाईक फ्लॅटवर येतं फोटो बघून, आणि हॉलची सगळ्यात मोठी फसगत फोटोतच होते. फोनमधली ०.५ ची रुंद लेन्स लावली की १४ फुटांचा हॉल २० चा दिसतो. मग माणूस दारात येतो, आत न येताच “एवढाच?” म्हणतो आणि शिष्टाचार म्हणून किचन बघून निघतो. तो फोटो घातलाच नसता तर बरं झालं असतं. साधी १ ची लेन्स घ्या. फोन छातीच्या उंचीवर, चार-सव्वाचार फुटांवर, सरळ धरा. तिरका धरला की दाराच्या चौकटी कलतात. कोपऱ्यात पाठ लावून खिडकी बाजूला येईल असं उभं राहा, पंखा बंद, दिवे चालू. हॉल पूर्वेचा असेल तर सकाळी नऊ-दहा, पश्चिमेचा असेल तर चारनंतर, पण ऊन थेट लेन्समध्ये नको. पाच फोटो पुरेत. हॉलचे दोन, त्यातला एक बाल्कनीकडून आत बघणारा.

आणि रूम फ्रेशनर अजिबात नको. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मोगऱ्याचा फवारा नाकात गेला की अनुभवी माणूस पहिला प्रश्न विचारतो, “ओल कुठे आहे?” त्या दिवशी मासे आणि लसणाची फोडणी टाळा, तासभर खिडक्या उघड्या ठेवा, झालं.

पंचवटीकर

परदेशी व्हिडिओ बघून लोक घरातले सगळे फोटो उतरवतात आणि देवघर बेडरूममध्ये सरकवतात. इथे उलटं होतं. आपल्याकडचं गिऱ्हाईक हॉलमध्ये आल्यावर देवघर कुठे बसेल तेच आधी शोधतं. मोबाइलवर होकायंत्र काढून ईशान्य कोपरा बघतात. तिथे शू-रॅक ठेवला असेल तर सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं होतं. देवघर जागेवर ठेवा, तेलाचे डाग पुसा, मागच्या टाइलवरची काजळी काढा, निरंजन आणि माळा आवरून घ्या. दिवंगतांचे हार घातलेले फोटो मात्र काढा. त्यात अंधश्रद्धा नाही. ते फोटो बघून येणारा माणूस आवाज खाली करतो आणि मोकळेपणाने विचारायचं ते विचारत नाही.

हप्तेवाला

देवघर ठीक, पण दिशेबद्दल खोटं बोलू नका. ‘पूर्व-पश्चिम’ लिहिलेल्या जाहिरातीतलं दार आग्नेयेला उघडतं, आणि होकायंत्र ते सांगतं. शिवाय लोखंडी सेफ्टी डोअरला चिकटून फोन धरला की सुई भरकटते. मालकाने आधीच चार फूट लांब उभं राहून मोजून ठेवावं.

कोरडी_भिंत

मूळ मुद्द्यावर परत. @मोजपट्टी यांनी गालिचाबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि मांडणीतली सगळ्यात संशयास्पद वस्तू तीच. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचा हॉल, मधे नेमका पाच बाय सात फुटांचा गालिचा. खाली काय आहे? बऱ्याचदा पोकळ झालेल्या टाइल्स. दहाच्या नाण्याने टाइलच्या मधे आणि चारही कोपऱ्यांवर टकटक करा. भरीव आवाज म्हणजे ठीक. डबडब वाजलं तर खालचा माल सुटलाय. एक-दोन टाइल्स पोकळ असतील तर चालून जातं. ओळीने पाच-सहा पोकळ असतील आणि मधला सांधा वर आला असेल, तर एखाद्या उन्हाळ्यात त्या तंबूसारख्या उचलतात. सांध्यात जागा न सोडता टाइलला टाइल भिडवून बसवलेली असली की हे हमखास होतं, कारण उष्णतेने फुगायला वाव उरत नाही.

गालिचा टाकून हे झाकणं नुसतं वाईट दिसत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं ही त्याच कलमात फसवणूक धरली आहे.

टोकन_आधी

कायदा बरोबर. पण एक पोकळ टाइल म्हणजे ‘मोठा दोष’ होत नाही साहेब. वीस वर्षांच्या घरात तीन टाइल्स वाजणारच. तुम्ही मालकाला इतकं घाबरवाल की तो पहिल्याच भेटीत घराची तक्रारवही वाचून दाखवेल.

कोरडी_भिंत

तीन टाइल्स वाजू देत, बोलू नका. पण गालिचा काढून दाखवा. गिऱ्हाईक स्वतः टकटक करेल.

सांध्यातला_मळ

टाइल्सचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. सांधे काळे पडलेत म्हणून विकायच्या आधी ॲसिड ओतू नका. टाइलला सहसा काही होत नाही, पण सिमेंटचा ग्राउट खाल्ला जातो, सांधे खोल जातात आणि दुप्पट मळ धरतात. वाफेने सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्या आणि खिडकीचे स्क्रू गंजतात. उंबऱ्याला संगमरवर असेल तर त्याची चकाकी गेली. खाण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड यांची पेस्ट, पंधरा मिनिटं, जुना टूथब्रश. १५० फुटांच्या हॉलला दोघांना अर्धा दिवस लागतो. कंटाळवाणं आहे, दुसरा इलाज नाही.

पंचवटीकर

मुहूर्ताचं कोणीच बोललं नाही. पितृपक्षात कोणी घर बघायला येत नाही, म्हणून मालक त्या पंधरवड्यात रंगकाम काढतो आणि दसऱ्याला दाखवायला तयार. सोयीचं आहे.

कोरडी_भिंत

सोयीचं आहे, आणि तेच चुकतं. भाद्रपदात पश्चिमेची भिंत चार महिन्यांचं पाणी पिऊन बसलेली असते. वरून कोरडी दिसते, गिलावा आतून ओला. दसरा गाठायचाच असेल तर पितृपक्षात फक्त आवराआवर, सांधे, दिवे, पडदे करा. पश्चिमेची भिंत सोडून बाकी रंगवा. ती एक भिंत खरवडून उघडी ठेवा आणि विचारल्यावर सांगा, “वाळतेय, दिवाळीनंतर रंगवून देतो.” हे वाक्य साठेखतात तारखेसह लिहून द्या. नाहीतर सरळ गुढीपाडव्यापर्यंत थांबा, मार्चमध्ये भिंती खणखणीत कोरड्या असतात.

टोकन_आधी

उघडी भिंत दाखवायची? फोटोत? माफ करा, मी तो फोटो टाकणार नाही. त्या भिंतीचा नाही, दुसऱ्या बाजूचा टाकेन. प्रत्यक्ष भेटीत दाखवेन.

मोजपट्टी

हे मला पटलं. फोटोत सोडा, भेटीत दाखवा.

नवा_सभासद_सिडको

आमचा फ्लॅट पूर्ण रिकामा आहे, सामान हलवलंय. मग मांडायचं काय? भाड्याने फर्निचर आणू का?

मोजपट्टी

आणू नका. फक्त रिकामा हॉल किती मोठा ते कोणालाच कळत नाही, त्यामुळे आकार आखून द्या. रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी घ्या, एक इंची, पिवळी. जमिनीवर सोफ्याची चौकट ७ बाय ३ फुटांची, समोर टीव्ही युनिटची ५ बाय सव्वा फुटाची, जेवणाच्या टेबलाची ४ बाय अडीचची आणि त्याच्याभोवती खुर्ची मागे ओढायला अडीच-अडीच फूट. येणारा माणूस त्या चौकटीत उभा राहतो, बायकोला म्हणतो “इथे आपला दिवाण बसेल”, आणि तुम्हाला काही बोलावं लागत नाही. भिंतीवरच्या जुन्या खिळ्यांची भोकं मात्र बुजवा, रिकाम्या घरात तीच डोळ्यांत येतात.

सांध्यातला_मळ

पट्टी दोन-तीन दिवसांत काढून नवी लावा. उन्हात राहिली की गोंद टाइलला धरतो, मग खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. ब्लेड लावू नका, चकचकीत टाइलवर ओरखडा उठला की तो खिडकीच्या उजेडात दारातूनच दिसतो.