'थायॉल डिप्लीशन'साठी मराठी शब्द

प्रश्न (नेरुळ): कॅन्सरच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. सायक्लोफॉस्फामाइड या औषधापासून शरीरात ॲक्रोलीन नावाचं अल्डिहाइड तयार होतं आणि ते पेशींतले थायॉल (गंधकाला हायड्रोजन जोडलेला गट असणारी संयुगं) 'डिप्लीट' करतं, म्हणजे संपवत नेतं, असं मूळ वाक्य आहे. 'क्षपण' चालेल का? की 'क्षय'?

उत्तर (नौपाडा, ठाणे): ताई, दोन्ही नकोत. दहावीच्या पुस्तकात क्षपण म्हणजे रिडक्शन, ऑक्सिडीकरणाच्या उलट. आणि 'क्षय' वाचला की रुग्णाला टीबीच आठवणार, तो उगाच धास्तावेल.

इथे नेमकं काय घडतं ते बघा. ग्लुटाथायोन हा पेशीतला मुख्य संरक्षक थायॉल. त्याचं नुसतं ऑक्सिडीकरण झालं, तर दोन रेणू गंधकाला गंधक जोडून बसतात आणि पेशीतलं एक विकर (एन्झाइम) त्यांना पुन्हा सुटं करतं. म्हणजे माल घरातच राहतो. ॲक्रोलीनच्या बाबतीत तसं होत नाही. ग्लुटाथायोनचा गंधक ॲक्रोलीनच्या दुहेरी बंधाशी कायमचा जोडला जातो, पुढे त्या जोडरेणूची काटछाट होते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. पेशीला ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसीन ही अमिनो आम्लं जोडून नवा ग्लुटाथायोन बनवावा लागतो. ते जमेनासं झालं की ॲक्रोलीन थेट प्रथिनांमधल्या सिस्टीनला धरतं. विकरं बंद पडतात, पेशी मरते.

म्हणून मी 'खर्ची पडणे' सुचवेन. गेलं ते परत येत नाही, हे त्यात आपसूक येतं. 'ऱ्हास'मध्ये हळूहळू होणारी पडझड आहे. हे तर तासाभरातही होऊ शकतं.

भर (वाशी): 'खर्ची पडणे'ला माझंही मत. ॲक्रोलीन तसं ओळखीचंच आहे. स्टेशनाबाहेर वड्यांच्या कढईतलं तेल फार तापून धुरावलं की डोळ्यांत जे झोंबतं, त्यात तेच असतं. पत्रकात मेस्नाचा (सायक्लोफॉस्फामाइडसोबत दिल्या जाणाऱ्या संरक्षक औषधाचा) उल्लेख असेल तर तिथेही हाच शब्द वापरा. मेस्ना स्वतः थायॉल आहे. लघवीत उतरून ते ॲक्रोलीनला बांधतं आणि मूत्राशयाचं अस्तर वाचवतं.

नेरुळ: मेस्ना आहेच. मग वाक्य असं करते: "या औषधापासून तयार होणाऱ्या ॲक्रोलीनमुळे पेशींचा संरक्षक साठा खर्ची पडतो. मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून मेस्ना देतात. तेच ॲक्रोलीनसाठी खर्ची पडतं." 'थायॉल' रुग्णाच्या पत्रकातून काढला, डॉक्टरांच्या प्रतीत ठेवला.